गिऱ्हाईक

मेसेज रात्री पावणेदोनला आलेला होता, मी वाचला तो सकाळी दूध तापत ठेवल्यावर. "मॅडम, कोर्सचे पैसे परत मिळतील का? कोर्स चांगलाच असेल. पण मला वाटलं होतं तुम्ही शिकवाल." एवढंच. आवाज चढवलेला नाही, धमकी नाही, कुठे वाईट लिहीन असंही नाही. माझ्या कोर्सला परताव्याची मुदत सात दिवसांची आहे आणि त्यांनी घेऊन चारच दिवस झाले होते, त्यामुळे हो-नाही करण्याचा प्रश्न नव्हता. दूध वर येईपर्यंत फोनवरूनच १,४९९ रुपये परत पाठवले. पैसे जमा होताना पेमेंट गेटवेने आपले २ टक्के आणि त्या २ टक्क्यांवरचा १८ टक्के जीएसटी कापून घेतला होता, तो परतावा देताना काही परत येत नाही. म्हणजे माझ्या पदरचे ३५ रुपये ३८ पैसे गेले. त्याचं काही वाटलं नाही. पण गॅस बंद केला, चहा गाळला, मुलीचा डबा भरला, आणि ते "शिकवाल" कानातून जाईना.

एकेचाळीस धडे आहेत त्या कोर्समध्ये. साडेसहा तास मीच बोलते आहे. मराठी मजकुराची मांडणी कशी करायची, अक्षरं तुटतात ती का तुटतात, लग्नपत्रिका असो की मंडळाचा अहवाल, कुठला फॉन्ट कुठे चालतो आणि कुठे पडतो, सगळं हातचं न राखता सांगितलंय. मग शिकवायचं राहिलं कुठे?

त्या ताईंचं खातं उघडून पाहिलं. पहिला धडा पूर्ण. दुसरा धडा चार वेळा सुरू केलेला आणि चारही वेळा सहाव्या मिनिटाच्या आसपास सोडलेला. खाली प्रश्नांच्या चौकटीत त्यांनी लिहिलं होतं, "गिर्हाईक लिहिताना र डोक्यावर जातो. काय करू?" त्यावर माझं उत्तर होतं, "धडा २ पुन्हा पाहा, त्यात सविस्तर सांगितलं आहे. शुभेच्छा!" हे उत्तर मी तेव्हा लिहिलेलंही नव्हतं. अशी सात-आठ उत्तरं मी साठवून ठेवली आहेत, प्रश्नाचा चेहरामोहरा पाहायचा आणि त्यातलं एक चिकटवायचं. चार वेळा तोच धडा पाहिलेल्या बाईला मी पाचव्यांदा पाहायला सांगितलं होतं.

त्या दिवशी मी पुढचं रेकॉर्डिंग केलं नाही.

गिऱ्हाईक या शब्दातला तो अर्धा र मराठीत फार मोलाचा आहे. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांतल्या. आचार्यांना बोलावलं तर प्रवचन होतं, आचाऱ्यांना बोलावलं तर जेवण. नुसता र, हलन्त आणि ह टाइप केला की संगणक त्या र चा रफार करून ह च्या डोक्यावर ठेवून देतो. तो अर्धा र हवा असेल तर इन्स्क्रिप्ट या सरकारमान्य कळफलकावर शिफ्ट दाबून 'जे', मग 'डी', मग 'यू' अशा कळा दाबायच्या: टिंबवाला ऱ, हलन्त, ह. दुसऱ्या धड्यात सहाव्या मिनिटाला मी नेमकं हेच दाखवते आणि पुढे म्हणते, "सुरुवातीला अवघड वाटेल, दहा दिवसांत बोटांना सवय होते." ते वाक्य मी परत ऐकलं. माझाच आवाज, प्रसन्न, थोडा घाईतला. दहा दिवस हा आकडा मी कुठून आणला होता? माझ्या स्वतःच्या बोटांवरून. आणि मी टायपिंग शिकले तीच मुळी इन्स्क्रिप्टवर.

आमच्या घरात गिऱ्हाईक हा शब्द रोजचा होता. बाबा ठाण्यात चरईतल्या एका छापखान्यात जुळारी, म्हणजे छपाईची अक्षरं जुळवणारे, होते. लाकडी केसमधले खण, त्यात देवनागरी अक्षरांचे शेकडो खिळे, आणि बाबांचा हात न बघता नेमक्या खणात जायचा. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायची. शाईचा आणि खिळे धुवायच्या घासलेटचा मिळून एक वास असायचा, पावसाळ्यात तो कपड्यांना लागून घरी यायचा आणि आई दप्तर बाहेरच्या खिडकीत ठेवायला लावायची. प्रूफ निघालं की गिऱ्हाईकाला समोरच्या स्टुलावर बसवून वाचायला द्यायचे आणि खाली सही घ्यायचे. मला वाटायचं, सही ही जबाबदारी झटकण्यासाठी असते. पण माणूस वाचत असेपर्यंत बाबा हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघत उभे राहायचे. एकदा मी विचारलं, काय बघता? म्हणाले, "डोळे कुठे अडखळतात ते बघायचं. माणूस बोलणार नाही, त्याला कळणारही नाही, पण चूक तिथेच असते." कितीदा तरी गिऱ्हाईक "छान आहे" म्हणून सही करून जायचं आणि बाबा तिसऱ्या ओळीतला एक खिळा चिमट्याने उचलून बदलायचे.

छापखाना नव्वदच्या दशकात बंद झाला. केस भंगारात किलोवर गेल्या. मी संगणकावर आले, आधी नौपाड्यात एका डीटीपीवाल्याकडे नोकरी, मग २००६ पासून स्वतःची कामं. बाबांच्या गिऱ्हाईकाचा माझ्याकडे क्लायंट झाला.

त्या पंधरा वर्षांबद्दल लिहायला बसले की हात दोन्हीकडे ओढला जातो. आधी वाईट सांगते. पैसे. काम वेळेत, पैसे कधीतरी. उद्यम नोंदणी असलेल्या लहान व्यावसायिकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे, हा कायदा २००६ सालचा आहे. माझी नोंदणी होती, कायदा मला पाठ होता, तक्रारीचं सरकारी पोर्टलही माहीत होतं. पण ज्याच्याकडून पुढचं काम यायचंय त्याच्यावर तक्रार कोण करतं? घोडबंदर रोडच्या एका बिल्डरची माहितीपुस्तिका मी केली, चौदा प्रूफं झाली, आणि बिलासाठी सात महिने खेटे घातले. २०२१ च्या दिवाळीच्या आधी त्यांच्या त्या थंडगार ऑफिसात तिसऱ्यांदा बसले होते. मांडीवर बिलाची प्रत, समोर काचेखाली इमारतीचा छोटा नमुना, त्यात कापसाची झाडं. रिसेप्शनवरची मुलगी दर वेळी खरोखर वाईट वाटल्यासारखं म्हणायची, "साहेब साइटवर आहेत." तिथे बसल्या बसल्या मी बिलाच्या मागे येणी मांडली. सगळ्यांकडची मिळून १ लाख ८६ हजार. मुलीची शाळेची फी त्याच महिन्यात भरायची होती. त्या कागदावरच मी खाली लिहिलं, "कोर्स", आणि दोन रेघा मारल्या.

पण मला जे काही येतं ते याच लोकांनी शिकवलं, हे त्या दिवशी मी हिशेबात धरलं नाही. विष्णूनगरमधल्या एका आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाची निमंत्रणपत्रिका होती. मुलगा आणि सून दोघांनी मेलवर पसंती कळवलेली. मी सहज म्हणून प्रूफ घेऊन घरी गेले, तर आजोबा झोपाळ्यावर बसलेले, म्हणाले, द्या, मी वाचतो. चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचायला लागले. पहिल्या दोन ओळी नीट, तिसऱ्या ओळीला कागद दूर धरला, मग जवळ आणला, मग म्हणाले, "छान झालंय हो," आणि कागद खाली ठेवला. त्यांना वाचताच येत नव्हतं. त्यांच्या समारंभाची पत्रिका, त्यांच्याच वयाच्या माणसांना जाणार, आणि मी नाजूक दिसावी म्हणून मजकूर नऊ पॉइंटात बसवला होता. घरी येऊन पूर्ण पत्रिका नव्याने मांडली. आता कोर्समध्ये याचं एक वाक्य झालंय: "वाचक वयस्कर असतील तर १२ पॉइंटच्या खाली जाऊ नका." नऊ सेकंद लागतात म्हणायला. झोपाळ्याची करकर, कागद जवळ-दूर करणारा तो हात, आणि वाईट वाटू नये म्हणून मला दिलेली शाबासकी, यातलं काही त्या नऊ सेकंदांत नाही. आणि ऐकणारा ते नऊ सेकंदांत विसरतो, ही त्याची चूक नाही.

कोर्स तयार करायला मला पाच महिने लागले. मानपाड्याला आमच्या खिडकीखालून मेट्रोचं काम चाललं होतं, दिवसभर ड्रिलचा घरघराट, त्यामुळे रेकॉर्डिंग पहाटे चारला. खोली घुमते म्हणून कपाटाच्या दारांवर आईच्या गोधड्या टांगल्या. स्टॅंडवर फोन, समोर काळी भिंग. पहिल्या दिवशी मला बोलताच येईना. समोर कोणी मान हलवत नाही, भुवया वर करत नाही, "म्हणजे?" म्हणत नाही, आपण बरोबर चाललोय की नाही हे कशावरून कळायचं? शेवटी मुलीला उठवून पलंगावर समोर बसवलं. ती तेव्हा आठवीत होती. अर्धवट झोपेत ती मध्ये मध्ये विचारायची, "पण आई, असं का?" आणि मी तिला समजावून सांगायची. चार दिवसांनी तिची परीक्षा आली आणि पुढचे धडे मी एकटीने केले. एकटीने केलेले जास्त सफाईदार आहेत. कुठे अडखळणं नाही, कुठे मागे जाणं नाही.

कोण कुठपर्यंत पाहतं याचा आलेख मला दिसतो. तिच्या "असं का?"चे चार धडे लोक शेवटपर्यंत पाहतात. हे मला दीड वर्ष दिसत होतं, आणि मी त्याचा अर्थ लावला नव्हता.

कोर्सने मला जे दिलं ते मी नाकारणार नाही. कामाचे पैसे कामाच्या आधी येतात, ही गोष्ट पंधरा वर्षं उधारीत काढलेल्या माणसाला काय वाटते ते शब्दांत सांगणं कठीण आहे. पहिल्यांदा रात्री झोपेत असताना विक्री झाली, सकाळी फोनवर तो आकडा पाहिला आणि मी बाबांच्या फोटोपुढे उभी राहिले. मग बॅंकेत पैसे दिसले तरी विश्वास बसेना. यूडेमी या कोर्स विकणाऱ्या वेबसाइटवरही एकदा टाकून पाहिला. तिथे विद्यार्थी आपल्या कुपनवरून आला तर आपल्याला ९७ टक्के आणि त्यांच्या बाजारातून आला तर ३७ टक्के मिळायचे. माझ्याकडे येणारे बहुतेक माझ्याच ओळखीपाळखीतून येत होते, म्हणून मग स्वतःचंच पान केलं. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मी कुणाकडे येणी न मागता केलं. रात्री साडेअकराला "जरा एक छोटासा बदल" म्हणून येणारा फोन बंद झाला. नांदेडच्या एका मुलाने कोर्स करून स्वतःचं पहिलं कॅलेंडर छापलं आणि टपालाने पाठवलं, ते माझ्या टेबलासमोर आहे. त्याचे सण लाल रंगात किती नीट बसलेत! हे सगळं खरं आहे.

आणि तरी, ज्या दिवशी मी क्लायंट सोडले त्या दिवशी माझ्यासमोरचं स्टूल रिकामं झालं. पैसे बुडवणारा तिथे बसायचा, तसाच अडखळणारा डोळाही तिथेच बसायचा. माझ्या पानामागच्या तक्त्यात आता त्यांना युजर म्हणतात. युजर अडखळला तर तो बोलत नाही, खिडकी बंद करतो. मला फक्त सहाव्या मिनिटाला खाली आलेली रेघ दिसते.

तिसऱ्या दिवशी मी त्या ताईंना फोन केला. पावतीवर नंबर होता. त्या आधी घाबरल्याच, "पैसे आले मॅडम, मिळाले." म्हटलं, पैशासाठी नाही, तो र नीट झाला का? थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "नाही. जुन्याच फॉन्टवर करते मी आता." ऐरोलीला त्यांचं झेरॉक्स आणि छपाईचं दुकान. म्हटलं, उद्या येऊ? "तुम्ही? ठाण्याहून?" ठाण्याहून ऐरोली म्हणजे काही विलायत नव्हे, पण मलाही फोन ठेवल्यावर नवल वाटलं. क्लायंटकडे जाणं सोडल्यापासून मी कामासाठी खाडीपलीकडे गेलेच नव्हते.

दुपारची ट्रान्स हार्बर लोकल रिकामी होती. खाडी ओलांडली, डाव्या हाताला पारसिकचा डोंगर, पायथ्याशी एकावर एक चढलेली घरं, मग दिघा गावचं नवं स्टेशन, आणि ऐरोलीला उतरल्यावर काचेच्या उंच इमारतींतून गळ्यात ओळखपत्र लटकवलेली मुलं चहाला खाली आलेली. त्यांच्यातून वाट काढत रिक्षा पकडली. दुकान सेक्टरातल्या मार्केटमध्ये, दोन शटरांएवढंही नाही. झेरॉक्सच्या मशीनची ऊब, कापलेल्या कागदांचे पट्टे, कोपऱ्यात तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखांच्या पत्रिकांचे गठ्ठे. ताई पन्नाशीच्या. खुर्ची माझ्यापुढे सरकवून स्वतः उभ्या. मी म्हटलं, तुम्ही बसा, मला फक्त तुम्ही टाइप करताना बघायचंय.

त्यांनी जुन्या फॉन्टमध्ये एक पत्रिका उघडली आणि सुरू केलं. दहाही बोटं, नजर पडद्यावर, मान जरा डावीकडे. मला चरईतला तो हात आठवला. शासनाच्या मराठी टंकलेखनाच्या तीस आणि चाळीसच्या दोन्ही परीक्षा त्यांनी टाइपरायटरवर दिलेल्या. आधी वाशीला एका वकिलाकडे, मग इथे, मिळून बावीस वर्षं तोच कळफलक. आणि मी त्यांना पडद्यातून सांगितलं होतं, दहा दिवसांत सवय होते. त्यांनी प्रयत्न केलाही होता. कीबोर्डवर कळांच्या बाजूला पांढऱ्या पट्ट्या चिकटवून पेनाने अक्षरं लिहिली होती, त्यातल्या अर्ध्या घामाने पुसलेल्या. "रात्री दुकान बंद करून बसायचे," त्या म्हणाल्या. "एक पत्रिका पाच मिनिटांची, ती पाऊण तास लागायला लागली. वाटलं, आपलं वयच झालं."

युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या नव्या पद्धतीतही, टाइपरायटरचाच कळफलक चालवता येतो. त्यासाठीची साधनं कित्येक वर्षांपासून आहेत. मला हे माहीत होतं. धडे सुटसुटीत राहावेत, एकच वाट दाखवावी, नवे लोक गोंधळू नयेत म्हणून मी ते वगळलं होतं. कुणी समोर बसून दोन अक्षरं टाइप केली असती तर मी पहिल्या मिनिटाला सांगितलं असतं. त्यांच्या संगणकावर ते बसवायला वीस मिनिटं लागली, त्यातली दहा जुनी विंडोज उघडण्यात गेली. मग मी बाजूला झाले. म्हटलं, लिहा आता गिऱ्हाईक. मला त्या कळफलकावरची त्या र ची जागा माहीत नाही. मी विचारणार होते की शोधून देऊ का, तोवर त्यांचं बोट जाऊन आलं होतं. पडद्यावर गिऱ्हाईक. तो र ह च्या डाव्या अंगाला, जिथे हवा तिथे. त्यांनी तो शब्द तसाच ठेवला, खाली परत लिहिला, परत लिहिला. "बाई गं," म्हणाल्या, मला नाही, स्वतःलाच.

चहा आला. मी विचारलं, पत्रिकेत गिऱ्हाईक कुठून आलं? त्यांनी काउंटरच्या मागे बोट केलं. भिंतीवर एक पाटी होती, कागदाची, उन्हाने पिवळी पडून अक्षरं विटलेली. ती नवी करायची होती, म्हणून पहिला शब्द तो घेतला होता. त्यांनी तिथल्या तिथे मजकूर टाइप केला, मोठ्या अक्षरात, आणि प्रिंट काढली. कागद गरम होता. काउंटरवरून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "वाचा एकदा. माझी नजर सरावलीय."

"गिऱ्हाईकांनी प्रूफ नीट वाचून मगच सही करावी. छपाईनंतर चूक आढळल्यस जबाबदारी आमची नाही."

मी वाचलं आणि म्हणणारच होते, छान झालंय. मान वर केली तर ताई कागदाकडे बघतच नव्हत्या. एका हातात चहाचा ग्लास तसाच, आणि नजर माझ्या डोळ्यांवर.

"दुसऱ्या ओळीत आहे ना काहीतरी?" त्यांनी विचारलं.